पायरीवर पाच जोड

फडके रोडवर चपलांचं एक दुकान होतं आणि त्याला तीन पायऱ्या होत्या. दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर बंद असायचं आणि मधल्या पायरीवर माझी मैत्रीण बसलेली असायची. मी तिला न विचारता तिथे जायचे आणि ती मला न सांगता तिथे असायची. एवढी एक गोष्ट माझ्या आयुष्यात अगदी नीट चाललेली होती आणि ती मी माझ्या हाताने बिघडवली. मोबाइलनेही थोडा हातभार लावला, पण सगळं त्याच्यावर ढकलायचं मी आता सोडून दिलंय.

डोंबिवलीबाहेरच्या माणसाला फडके रोड समजावून सांगावा लागतो. लग्न होऊन ठाण्याला आल्यावर मी सासूबाईंना सांगायचा प्रयत्न केला, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे नुसतं रस्त्यावर जाऊन उभं राहायचं?" हो, नुसतं उभं राहायचं. पहाटे उटणं लावून आंघोळ करायची, चार शंकरपाळे तोंडात टाकायचे, नवे कपडे घालायचे आणि आधी गणपतीच्या देवळात आणि मग त्या एका रस्त्यावर जायचं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. शाळेतले, कॉलेजातले, क्लासमधले, गेल्या वर्षी आवडलेले आणि या वर्षी नावडते झालेले सगळे तिथे भेटायचे. कुणी कुणाला बोलावलेलं नसायचं. प्रत्येक घोळक्याची जागा मात्र ठरलेली. कुणाची रसवंतीसमोर, कुणाची औषधांच्या दुकानाखाली, आमची चपलांच्या दुकानाच्या पायरीवर. आणि ती जागा आमची झाली ती तिच्यामुळे.

ती विठ्ठलवाडीची. स्टेशनापासून पाच मिनिटांवर बैठ्या चाळीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. वडील रेल्वेत. दारावर पंचशीलाच्या रंगांची पट्टी आणि आत टीव्हीच्या वर बुद्धाची मूर्ती. त्यांच्याकडे दिवाळी म्हणजे सुट्टी आणि शेजाऱ्यांकडून आलेला फराळ. ती फडके रोडला यायची ती आम्ही तिथे असतो म्हणून. अकरावीत पहिल्यांदा आली तेव्हा आमच्यातली एक जण म्हणाली, "चल ना देवळात." तिने अजिबात बाऊ न करता सांगितलं, "आमच्याकडे नाही जात गं. तुम्ही जाऊन या, मी बसते इथे." आणि ती त्या पायरीवर टेकली.

आम्ही सहा जणी होतो. देवळाबाहेर चपलांचा ढीग असायचा आणि आदल्याच वर्षी माझी एक नवीकोरी चप्पल त्या ढिगात गेली होती. मी एका पायात चप्पल घालून रिक्षाने घरी आले होते आणि आईची बोलणी खाल्ली होती. म्हणून मी म्हटलं, अनायासे ही बसलीय तर हिच्याजवळच काढू. पाच जणींनी पाच जोड काढले आणि आम्ही अनवाणी देवळात गेलो. परत आलो तर तिने सगळ्या चपला ओळीने लावून ठेवल्या होत्या, टोकं रस्त्याकडे. म्हणाली, "मोजून घ्या. पाच जोड. नंतर तक्रार चालणार नाही." आम्ही तिला प्रसादाचा पेढा दिला. तो तिने खाल्ला. "पेढ्याशी माझं काही भांडण नाही," असं ती म्हणायची. पुढची प्रत्येक दिवाळी अशीच झाली.

तिच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या काकूंकडे होता. त्यांचा नंबर मी डायरीत लिहून पुढे 'पी.पी.' असं लिहिलं होतं, म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, जरा जपून. काकू हाक मारायला जायच्या नाहीत. "ती भांडी घासतेय, काय निरोप आहे?" असं विचारायच्या आणि निरोप नीट ऐकून घेऊन त्यावर स्वतःचं मतही द्यायच्या. आमच्या घरी फोन होता, पण तो हॉलमध्ये आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बाबा पेपर वाचत बसलेले. त्यामुळे फोनवर आम्ही दोघी काही बोलूच शकायचो नाही. जे काही बोलायचं असेल ते साठत जायचं आणि भेटलो की एकदम बाहेर पडायचं. मला अजून आठवतं, कधी कधी आम्ही दोघी एकाच वेळी बोलायला लागायचो आणि दोघींनाही सगळं कळायचं.

सुट्टीच्या दिवशी मी विठ्ठलवाडीला जायचे. तिचे वडील त्या दिवशी स्वतः रांधायचे. आमच्या घरी अंडंसुद्धा येत नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून पहिल्यांदा त्यांनी मला वेगळी भाजी केली होती. मी त्यांच्या अंडाकरीकडे ज्या नजरेने बघितलं त्यावरून ते काय ते समजले. त्यानंतर माझ्या ताटात दोन अंडी असायची. निघताना ते हातावर बडीशेप ठेवायचे. "नीट चावून खा. घरी वास यायला नको." मग स्टेशनपर्यंत सोडायला यायचे आणि गाडी हलेपर्यंत तिथे उभे राहायचे. माझ्या स्वतःच्या बाबांनी मला कधी गाडी हलेपर्यंत सोडलेलं नाही.

हे सगळं असताना मी जे बोलले ते बोलले.

कॉलेजचं दुसरं वर्ष होतं. आमच्यातल्या एकीच्या भावाकडे कॅमेरा होता आणि आधीच्या दिवाळीचे रोल धुऊन यायला त्याने सात-आठ महिने लावले होते. मी ते फोटो कॅन्टीनमध्ये घेऊन गेले. आमच्या टेबलावर एक नवा मुलगा येऊन बसायला लागला होता. तो हसला की मला बरं वाटायचं आणि त्याला हसवण्यासाठी मी काय वाट्टेल ते बोलायचे. त्याने एक फोटो उचलला. त्यात ती पायरीवर बसलेली, निळा ड्रेस, मोकळे केस आणि पुढ्यात ओळीने पाच जोड. "ही अशी काय बसलीय?" त्याने विचारलं.

"हे आमचं चप्पल स्टँड," मी म्हटलं.

टेबल हसलं. तो तर फारच हसला. ती माझ्या समोर बसली होती. तीही हसली, चहाचा कप संपवला, वह्या उचलल्या आणि "प्रॅक्टिकल आहे" म्हणून गेली. तिला त्या दिवशी प्रॅक्टिकल नव्हतं. संध्याकाळी घरी जेवताना, पोळीचा तुकडा मोडता मोडता, मला एकदम कळलं की मी काय बोलले. तिच्या घरातल्या किती पिढ्यांना लोकांनी देवळाच्या बाहेर उभं केलं असेल. ती आपण होऊन, हसत, आमच्यासाठी बाहेर बसत होती आणि मी चारचौघांत त्याची टिंगल केली, तीही एका अशा मुलासाठी की ज्याचा चेहरासुद्धा मला आता आठवत नाही. मला राग पटकन येतो आणि माफी मागता येत नाही, हा माझा स्वभाव सगळ्या घराला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी मी तिच्याशी काहीच झालं नाही असं बोलले आणि तीही तसंच बोलली. त्यानंतर आमच्यात फक्त जर्नल आणि लेक्चर राहिलं. विठ्ठलवाडीला मी गेले नाही. ती 'ये' म्हणाली नाही.

त्याच पावसाळ्यात आमच्या हातात मोबाइल आले. मला मामाने त्याचा जुना दिला, तिने शिकवण्या करून स्वतः घेतला. तिचा नंबर मला दुसऱ्या मैत्रिणीकडून मिळाला. आता मध्ये काकू नव्हत्या, बाबा नव्हते, कुणीच नव्हतं. हवं ते थेट तिला सांगता आलं असतं. मी तीन दिवस त्या नखाएवढ्या बटणांवर माफीचे मेसेज लिहीत होते आणि पुसत होते. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, तेव्हा सगळे लिहायचे तसं. शेवटी दिवाळीच्या चार दिवस आधी जे पाठवलं ते एवढंच, "दिवाळीला येतेयस ना? आल्यावर फोन कर." तिचं उत्तर आलं, "हो." एवढंच.

पायरीवर भेटू असं मी लिहिलं नाही. तो शब्दच लिहवेना. मला खात्री होती की ती आता त्या पायरीवर पाऊल ठेवणार नाही, आणि ठेवावं असं म्हणायचं तोंडही मला नव्हतं. फोन आहे ना, मी म्हटलं. ती फोन करेल, मी ती असेल तिथे जाईन, तिला बाजूला घेईन आणि सांगेन. सांगायचं वाक्य पाठ केलं होतं. "माझं चुकलं. मी फार वाईट बोलले." दोन वाक्यं होती, त्यातलं पहिलं पुरलं असतं.

त्या सकाळी मी सातला फडके रोडवर पोहोचले. बाकीच्या मैत्रिणींना चुकवलं, कारण मला तिच्याशी एकटीला बोलायचं होतं. रस्ता इतका भरला होता की पुढच्याच्या खांद्यापलीकडचं दिसत नव्हतं. आणि त्या वर्षी पहिल्यांदाच प्रत्येकाच्या हातात फोन होता आणि प्रत्येक जण एका कानात बोट घालून दुसऱ्या कानाशी ओरडत होता, "अरे कुठे आहेस? मी देवळापाशी!" आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं की सगळं गाव एकाच रस्त्यावर उभं राहून एकाच वेळी फोन लावायला लागलं तर कुणाचाच लागणार नाही. सणाच्या दिवशी मेसेजचा पॅक चालत नाही म्हणून शहाण्या लोकांनी शुभेच्छा आदल्या दिवशीच उरकलेल्या, तरी नेटवर्कचा पत्ता नव्हता. मी तिचा नंबर लावत होते. तुतारीसारखा एक आवाज यायचा आणि फोन कटायचा.

मी त्या रस्त्यावरून दोनदा गेले आणि दोनदा आले. चपलांच्या दुकानासमोरून गेले. प्रत्येक वेळी माझी नजर हातातल्या फोनवर होती, रेंजची एखादी काडी वाढते का बघत. खरं सांगायचं तर त्या पायरीकडे बघायची मला लाज वाटत होती, आणि फोन हातात असला की खाली बघायला निमित्त मिळतं. साडेआठला मी वैतागून घरी आले. आईने विचारलं, "भेटल्या का गं सगळ्या?" मी चिवड्याचा डबा आपटला. तासभर फोनकडे बघत बसले. काही आलं नाही. मग मला राग आला. तिने माफ केलं नाही, तिला यायचंच नव्हतं, उगाच हो म्हणाली, मला मुद्दाम रस्त्यावर फिरवलं, असं सगळं माझ्या डोक्यात चढलं आणि मी लिहिलं, "आली नाहीस ना? माहीतच होतं मला. एवढा इगो बरा नाही." हा मेसेज लिहायला मला तीन दिवस लागले नाहीत. तो पहिल्या फटक्यात गेला. गेल्याची खूणही लगेच आली.

दुपारी आम्ही पानावर बसलो होतो. टीव्हीवर ठेवलेला फोन वाजायला लागला. एक मेसेज, मग दुसरा, मग तिसरा. बाबा म्हणाले, "जेवताना ते यंत्र बंद ठेवा." मी खरकट्या हाताने उठले. सगळे तिचे होते, सकाळपासून कुठेतरी अडकलेले आणि आता एकामागून एक सुटलेले.

"आले."

"पायरीवर आहे."

"कुठेस?"

"देवळात जाऊन या आधी. चपला आणा इकडे, सांभाळते :)"

"थांबते अजून."

ते चौथ्या मेसेजमधलं हसू, तो आडवा पडलेला कंस, मी कितीतरी वेळ बघत होते. तिने मला माफ केलं होतं. मी मागायच्या आधीच, माझीच थट्टा मला परत देऊन, तिने तो विषय मिटवून टाकला होता आणि ती नेहमीच्या जागी येऊन बसली होती. आणि तिच्या फोनमध्ये माझा इगोचा मेसेज दोन तासांपूर्वीच पोहोचला होता. मी लगेच फोन लावला. बंद होता. काकूंकडे लावला. काकू म्हणाल्या, "ती मामाकडे गेलीय. काय निरोप?" मी म्हटलं, काही नाही.

सुट्टीनंतर कॉलेजात भेटली तेव्हा मी म्हटलं, "अगं, तुझे मेसेज सगळे दुपारी आले."

"हो का? होतं असं," ती म्हणाली. "जर्नल पूर्ण झालं का तुझं?"

भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. मी पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आणलं आणि तिथेच ठेवलं. मग परीक्षा, मग नोकऱ्या. तिचं लग्न झाल्याचं मला लग्न होऊन गेल्यावर कळलं.

त्यानंतरचं सगळं बहुतेकांचं होतं तसं. काही वर्षांनी फेसबुकवर मी तिला शोधलं. विनंती पाठवली आणि तीन आठवडे रोज बघत होते. तिने ती स्वीकारली. मला केवढा आनंद झाला होता, आणि त्या आनंदात मी तिला लिहिलं काय, तर "हाय! कशी आहेस?" तिने लिहिलं, "मस्त! तू?" मी लिहिलं, "मस्त." झालं. मग कुणीतरी कॉलेजचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. आता मला तिचं नागपूरचं घर माहीत आहे, तिच्या स्वयंपाकघराच्या फरश्यांचा रंग माहीत आहे, तिच्या मुलाने विज्ञान प्रदर्शनात काय केलं होतं तेही माहीत आहे. तिच्या वाढदिवसाला मी केक पाठवते, म्हणजे केकचं चित्र. माझ्या वाढदिवसाला ती फुगे पाठवते. मी स्टेटसला काही टाकलं की ज्यांनी पाहिलं त्या यादीत तिचं नाव असतं, बहुतेक वेळा पहिल्या पाचात. मीही तिचं एकही स्टेटस सोडत नाही. पंधराएक वर्षं आम्ही एकमेकींकडे असं काचेतून बघतोय. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, हो, आम्ही टचमध्ये आहोत.

तिचे वडील गेले ते मला ग्रुपवरच कळलं. मी ऑफिसात होते. माझ्या आधी तेवीस जणांनी हात जोडले होते. मी वरच्याचं 'भावपूर्ण श्रद्धांजली' कॉपी केलं, खाली चिकटवलं आणि मीटिंगला गेले. मीटिंगमध्ये कुणीतरी जेवणानंतरची बडीशेप पुढे केली. मी ती हातात घेतली आणि मला काही सुधरेना. ज्या माणसाने मला दोन अंडी वाढली होती, गाडी हलेपर्यंत जो उभा राहायचा, त्याला मी दुसऱ्याचे शब्द चिकटवून निरोप दिला होता. त्या दिवशी मी तिला फोन करायला हवा होता. नंबर समोर होता, नेटवर्क पूर्ण होतं. मी केला नाही. म्हणून म्हणते, मोबाइलवर ढकलायचं मी सोडून दिलंय.

माझी मुलगी आता सतराची आहे. तिच्या फोनमध्ये एक नकाशा असतो आणि त्यावर तिच्या मैत्रिणींचे गोल चेहरे हलत असतात. कोण घोडबंदरला अडकलीय, कोण क्लासमधून निघालीय, सगळं दिसतं. एकदा ती मला म्हणाली, "आई, तुम्ही एकमेकींना शोधायचात कशा?" मी म्हटलं, "शोधायचोच नाही." तिला ते पटलं नाही. तिच्या दृष्टीने मी अश्मयुगातून आलेय आणि तेही पायी.

या दिवाळीआधी तीच माझ्या मागे लागली. रील्समध्ये फडके रोड बघून ठाण्याच्या पोरींना तिथे जायचं होतं. "आई, प्लीज, तू डोंबिवलीची आहेस ना." मला जायचं नव्हतं. लग्नानंतर मी काही ना काही कारण सांगून ते टाळलंच होतं. पण पहाटे गाडी काढली, तिच्यासकट सहा मुली कोंबल्या आणि गेले. ढोल वाजत होते, पोरी नऊवारीत, पोरं फेट्यांत, आणि जो तो स्वतःलाच फोनमध्ये बघत चाललेला. चपलांचं दुकान गेलंय. तिथे आता केक मिळतात. रस्ता काँक्रीटचा करताना इतका उंच झालाय की तीन पायऱ्यांपैकी दीड उरलीय. मी मुलींना घेऊन बरोब्बर तिथेच जाऊन थांबले. पाय आपोआप गेले असं म्हणणार नाही. मी नेले.

देवळाकडची गर्दी बघून मुलगी म्हणाली, "एवढ्या गर्दीत चपला कुठे काढायच्या? माझ्या मोजड्या नवीन आहेत." मग माझ्याकडे बघितलं. "आई, तुझा गुडघा दुखतोय ना? तू बस इथे. आम्ही तुझ्याजवळ काढतो." मी काही म्हणायच्या आत सहा जोड माझ्या पुढ्यात पडले. मी बसले. तिचा फोन बॅटरी संपून मेला होता, म्हणून तिने माझा घेतला, दोन पावलं मागे जाऊन माझा फोटो काढला, काहीतरी टाइप केलं आणि फोन माझ्या मांडीवर टाकला. "स्टेटसला टाकलाय, आजी बघेल. आलोच आम्ही." आणि अनवाणी पळाल्या.

मी चपला ओळीने लावल्या, टोकं रस्त्याकडे. मग सहज फोन बघितला. माझा फोटो होता. केस पांढरे, साडी वर खोचलेली, पुढ्यात सहा जोड. त्यावर माझ्या मुलीने लिहिलं होतं, "आमचं चप्पल स्टँड", आणि पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा.

तिला काही माहीत नव्हतं. मी ही गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. ते स्टेटस पुसायला मी बोट ठेवलं आणि आधी खाली बघितलं. तिघांनी पाहिलं होतं. माझी नणंद, ऑफिसमधली एक जण आणि ती.

आता पुसून काय होणार होतं? मी तिचं चॅट उघडलं. वर तिच्या नावाखाली 'टायपिंग' दिसत होतं. ती काहीतरी लिहीत होती. थांबली. पुन्हा लिहायला लागली. मला वाटलं, आता ती मला एकदाची बोलणार. वीस वर्षांनी का होईना, बोलू दे.

"किती जोड?" तिने लिहिलं होतं.

"सहा," मी लिहिलं.

"मोजून परत दे. नंतर तक्रार चालणार नाही."

मी त्या पायरीवर बसून रडले. ढोल वाजत होते म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही. मग मी ते वाक्य लिहिलं, पाठ होतं तसंच, या वेळी मराठी अक्षरांत. "माझं चुकलं. मी फार वाईट बोलले होते. आणि त्या दिवशी मी तुझ्या समोरून गेले, फोनमध्ये बघत." पाठवलं. आणखी एक पाठवलं. "तुझे बाबा गेले तेव्हा फोन करायला हवा होता. त्यांची बडीशेप मला अजून आठवते."

दोन निळ्या खुणा झाल्या. बराच वेळ काही आलं नाही. मुली देवळातून परत आल्या, कपाळाला गंध, हातात पेढे, पाय काळे. प्रत्येकीने आपापला जोड पायात घातला. तेवढ्यात फोन हलला.

"मी नऊ वाजेपर्यंत थांबलेले गं."

एवढंच होतं. त्यात राग नव्हता. ती नुसतं सांगत होती. इतक्या वर्षांत ती किती वेळ थांबली हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"आई, चल ना," मुलगी म्हणाली. "पुढे सगळे भेटणारेत. आणि तू रडतेयस का?"

मी घड्याळ बघितलं. सव्वाआठ झाले होते. "तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं. "मी आहे इथे."

"एकटी? कशाला? कुणी येणारे का?"

"नाही."

तिने खांदे उडवले, एक पेढा माझ्या हातावर ठेवला आणि गर्दीत गेली. मी फोन पर्समध्ये टाकला, अर्ध्या उरलेल्या मधल्या पायरीवर नीट सरकून बसले आणि नऊ वाजेपर्यंत थांबले.